डिपॉझिट

फोनवर मालकांनी आधी विचारलं, भुंकतो का.
म्हटलं, तेरा वर्षांचा आहे,
भुंकायचं आताशा राहूनच जातं त्याचं.
चावतो का?
म्हटलं, चार दाढा उरल्यात,
त्याही भाकरी दुधात भिजवली तरच कामाला येतात.
ते हसले नाहीत.
म्हणाले, जनावराचे रात्रीला पाचशे वेगळे,
डिपॉझिट तीन हजार,
आणि आमचे टॉवेल त्याला वापरायचे नाहीत.

सांगलीहून पहाटे निघालो.
कऱ्हाडला तो पाणी प्याला,
पसरणीच्या घाटात तिसऱ्या वळणावर
ते त्याने परत केलं, माझ्या चपलेवर,
अगदी शांतपणे, उसनं फेडावं तसं.

सिल्व्हर ओकच्या रांगेमागे इमारत.
खाली रजिस्टर घेऊन कासुर्डेबाई.
याचं नाव? बोक्या, म्हटलं.
त्या वाकून गाडीत मांजर शोधू लागल्या.
(पिल्लू होता तेव्हा तोंड तसं होतं,
याहून जास्त खुलासा माझ्याकडे नाही.)
रकाने छापील, माणसांसाठीचे:
नाव, वय, गाव, आधार, नाते.
वय लिहिलं. गाव लिहिलं.
आधारपाशी आडवी रेघ.
नात्यापाशी पेन थांबलं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मी स्ट्रॉबेरीच्या खोक्यांकडे.
वरच्या ओळीत, माझ्या नावापुढे, ‘स्वतः’ असं होतं.
त्याच्याखाली त्यांनी
दोन टिकल्या मारल्या आणि किल्ली दिली.

फरशी अशी गुळगुळीत की पंखा दिसावा तिच्यात.
बोक्याचे मागचे पाय चार दिशांना,
म्हणजे दोनच, पण चार वाटावेत असे.
टॉवेलला बंदी.
मग मी बॅगेतले शर्ट काढले,
पलंगापासून गॅलरीपर्यंत एकापुढे एक अंथरले.
चेक्सच्या शर्टावर तो थबकला, हुंगलं,
ओळखीचं निघालं, पुढे गेला.

मुलगा म्हणाला होता,
हॉस्टेलला ठेवा ना बाबा त्याला, छान असतं,
रोज फोटो पाठवतात.
मुलालाही मी हॉस्टेललाच ठेवलं होतं.
इथंच, याच गावात, पाचवी ते दहावी.
रविवारी यायचो, चिक्की द्यायचो,
गुण विचारायचो,
आणि संध्याकाळच्या एसटीने खाली.
सहा वर्षांत पाचगणीची रात्र
एकदाही पाहिली नव्हती.

ती अशी असते:
फ्रिज मध्येच कण्हतो.
वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढतं.
धुकं गॅलरीच्या जाळीतून आत येतं
आणि कुठं बसावं ते त्याला कळत नाही.
दोन वाजता बोक्या उठला,
सोफ्याचा एक पाय बराच वेळ वाचत राहिला.
आधी कोण कोण राहून गेलं,
कुणी घाबरून मुतलं होतं,
सगळं तिथं असणार.
मला एवढंच वाचता येत होतं
की भिंतीवर सोवळ्याने चिकटवलेला कागद आहे
आणि त्यावर नऊ नियम आहेत.

सकाळी टेबल लँडवर घोड्यांचा वास आला
तेव्हा मात्र तो भुंकला. एकदाच.
घोड्याने मान वळवली नाही.
बोक्या माझ्याकडे बघत राहिला,
ऐकलंस ना, अशा नजरेने.
खाली धोमचं पाणी पडलेल्या ताटासारखं चकाकत होतं.
ऐकलं, म्हटलं.

निघायच्या दिवशी ओला हात फिरवून
सोफ्यावरचे केस गोळा केले.
मूठभर निघाले. फेकायचे होते,
खिशात राहिले.
कासुर्डेबाईंनी गाद्या पाहिल्या, कोपरे हुंगले,
मग बाथरूमच्या दारापाशी वाकल्या.
ओरखडे. तीन खोल, दोन साधे.
म्हणाल्या, मालक ऐकायचे नाहीत, चारशे कापावे लागतील.

ओरखडे जुने होते. आत धूळ भरलेली.
आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर.
बोक्याचा पंजा तेवढा वर जाऊन
दोन उन्हाळे झाले.
सांगणार होतो.
पण त्यांनी रजिस्टर उघडलं होतं,
टिकल्यांच्या पुढे मोकळ्या जागेत
बारीक अक्षरात लिहीत होत्या:
कुत्र्याने दार ओरबाडले.

लिहून होईस्तोवर मी गप्प उभा राहिलो.
मग म्हटलं, बाई,
कुत्र्याने नको,
नाव घाला.